विद्यार्थी आणि परीक्षार्थी



मराठीत ‘विद्यार्थी’ आणि ‘परीक्षार्थी’ असे दोन शब्द आहेत आणि व्यवहारात ते एकाच मुलाला लावले जातात. तथापि दोहोंच्या अर्थात मोठे अंतर आहे. ज्याचे प्रयोजन विद्या, तो विद्यार्थी; ज्याचे प्रयोजन परीक्षा, तो परीक्षार्थी. पूर्वी मुलगा जून महिन्यात विद्यार्थी म्हणून शाळेत जाई आणि मार्च महिन्यात काही दिवसांपुरता परीक्षार्थी होई. आता तो पहिल्या दिवसापासूनच परीक्षार्थी असतो, आणि पदवी हाती आल्यावरही कित्येक वर्षे परीक्षार्थीच राहतो. हा बदल कसा घडला, त्याने प्रतिभेचे काय झाले आणि सुशिक्षितांच्या उदरनिर्वाहाचे काय झाले, ह्याचा विचार करणे हा ह्या व्याख्यानाचा विषय आहे.

परीक्षा ही विद्येच्या मंदिरातील द्वारपाल आहे. द्वारपालाची आवश्यकता कोणी नाकारू नये. परंतु द्वारपाल दार सोडून गाभाऱ्यात जाऊन बसला आणि येणारा प्रत्येक जण त्याचीच पूजा करू लागला, तर दोष केवळ द्वारपालाचा नसतो, ज्यांनी त्याला तेथे बसू दिले त्यांचाही असतो.

प्रथम परीक्षेच्या बाजूने जे बोलावयाचे ते बोलले पाहिजे. भारतीय परंपरेला परीक्षा नवीन नाही. मिथिलेतील शलाका-परीक्षा प्रसिद्ध आहे. ग्रंथाच्या पोथीत सळई खुपसावयाची आणि तिचे टोक ज्या पानावर थांबेल त्या पानाचे विवरण विद्यार्थ्याने करावयाचे, अशी ती रीत होती. कोणते पान निघेल हे कोणालाच ठाऊक नसल्यामुळे संपूर्ण ग्रंथ आत्मसात केल्यावाचून गत्यंतर नसे, आणि पाठ म्हणून दाखविण्याबरोबर अर्थही उलगडून दाखवावा लागे. पाठांतराचा तिरस्कार करण्याचेही कारण नाही. वेदपाठी घराण्यांनी पद, क्रम, जटा आणि घन ह्या पाठांच्या योगे एक स्वरही न ढळू देता एवढे वाङ्मय शतकानुशतके सांभाळले. परंतु त्याच परंपरेत यास्काचार्यांच्या निरुक्तात, अर्थ न जाणता वेद पाठ करणाऱ्याला भार वाहणाऱ्या खांबाची उपमा दिलेली आहे. पाठांतर आणि घोकंपट्टी ह्यांतील भेद पूर्वजांना चांगला ठाऊक होता.

परीक्षेचा आणखी एक गुण विसरून चालणार नाही. ती वशिला विचारीत नाही. ज्याच्या घराण्याचे नाव नाही, ज्याच्या पाठीशी कोणी नाही, अशा मुलालाही ती दार उघडून देते. रत्नागिरी जिल्ह्यातील मुर्डी ह्या लहानशा गावात १८७६ साली जन्मलेले रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे १८९९ साली केंब्रिज विद्यापीठाच्या गणिताच्या ट्रायपॉस परीक्षेत पहिल्या क्रमांकाचे मानकरी ठरले आणि ‘सीनियर रँग्लर’ हा मान मिळविणारे पहिले भारतीय झाले. कोकणातील एका खेडेगावच्या मुलाला साम्राज्याच्या विद्यानगरीत इतक्या वर नेऊन बसविणारी दुसरी कोणती शिडी त्या काळी होती? म्हणून परीक्षा समूळ नाहीशी करा असे म्हणणाऱ्याने आधी ह्या प्रश्नाचे उत्तर दिले पाहिजे.

मग बिघडले कोठे? त्याचे मूळ आधुनिक विद्यापीठांच्या जन्मातच सापडते. १८४४ साली लॉर्ड हार्डिंग ह्यांच्या सरकारने इंग्रजी शिकलेल्यांना सरकारी नोकरीत अग्रक्रम देण्याचा ठराव केला. १८५४ साली वुड ह्यांचा खलिता आला आणि त्यानुसार १८५७ साली कलकत्ता, मुंबई व मद्रास येथे विद्यापीठे स्थापन झाली. त्यांचा नमुना तत्कालीन लंडन विद्यापीठाचा होता. ते विद्यापीठ मुख्यतः परीक्षा घेई आणि पदव्या देई; शिकविण्याचे काम महाविद्यालयांकडे असे. मुंबई विद्यापीठानेही तेच केले. त्याचे स्वतःचे अध्यापनविभाग विसाव्या शतकात निघाले. म्हणजे ह्या देशातील आधुनिक विद्यापीठ प्रथम जन्माला आले ते परीक्षक म्हणून. अध्यापक ते पुष्कळ वर्षांनी झाले. आणि नोकरीचा ठराव तर विद्यापीठाच्याही तेरा वर्षे आधीचा होता. नोकरीसाठी पदवी, पदवीसाठी परीक्षा आणि परीक्षेपुरती विद्या, असा क्रम त्या वेळी पडला तो पडलाच.

१८६२ साली मुंबई विद्यापीठाचे पहिले पदवीधर बाहेर पडले. त्यांत महादेव गोविंद रानडे होते, रामकृष्ण गोपाळ भांडारकर होते. त्यांची प्रतिभा परीक्षेने मारली नाही हे खरे. कारण त्यांनी परीक्षेला दार मानले आणि ते ओलांडून पुढे गेले. परंतु त्यांच्यामागून आलेल्या बहुसंख्यांना दारातच घर बांधावेसे वाटले. हा धोका ज्यांनी फार लवकर ओळखला त्यांत महात्मा जोतीराव फुले होते. १८८२ साली हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात त्यांनी, शिकलेल्यांची संख्या शतपटीने वाढावी आणि त्या सर्वांनी नोकरीकडे डोळे न लावता उपयुक्त व उत्पन्नाच्या व्यवसायांत शिरावे, अशी आशा व्यक्त केली. त्या वेळी पदवीधर अत्यंत थोडे होते. आज ते कोट्यवधी झाले आहेत. जोतीरावांच्या आशेचा पहिला अर्धा भाग फळाला आला. दुसरा अर्धा अद्याप वाट पाहत आहे.

परीक्षा प्रतिभेला कशी ओळखू शकत नाही, ह्याचे सर्वांत बोलके उदाहरण श्रीनिवास रामानुजन ह्यांचे आहे. कुंभकोणमचा हा मुलगा १९०४ साली शाळेतून गणिताचे पारितोषिक घेऊन बाहेर पडला आणि त्याला महाविद्यालयाची शिष्यवृत्ती मिळाली. परंतु त्याचे सारे चित्त गणिताने व्यापलेले होते. इतर विषयांत तो नापास झाला आणि शिष्यवृत्ती गेली. पुढे मद्रासच्या पच्चयप्पा महाविद्यालयातून त्याने १९०६ व १९०७ साली पुन्हा परीक्षा दिली. पुन्हा तोच निकाल लागला. ज्याच्या वह्यांतील सूत्रांचा अभ्यास गणिती आज शंभर वर्षांनंतरही करीत आहेत, तो पुरुष विद्यापीठाच्या खातेवहीत ‘अनुत्तीर्ण’ होता. १९१२ साली त्याने मद्रास पोर्ट ट्रस्टमध्ये दरमहा ३० रुपयांवर कारकुनी पत्करली. जानेवारी १९१३ मध्ये त्याने केंब्रिजच्या जी. एच. हार्डी ह्यांना पत्र लिहिले, आणि ज्या मद्रास विद्यापीठाने त्याला नापास केले होते त्यानेच त्याच वर्षी त्याला दरमहा ७५ रुपयांची संशोधनवृत्ती दिली. १९१४ साली तो विलायतेस गेला आणि १९१८ साली रॉयल सोसायटीचा सदस्य झाला.

ज्या हार्डींनी रामानुजनला ओळखले, त्यांचे स्वतःचे मत परीक्षेविषयी काय होते? ते परांजप्यांच्या आदल्याच वर्षी, १८९८ साली, त्याच ट्रायपॉस परीक्षेत चौथे आले होते. परीक्षेत त्यांना अपयश आले असे कोणी म्हणू शकणार नाही. तरीही ह्या परीक्षेने इंग्लंडमधील गणिताची हानी केली असे त्यांचे ठाम मत होते. केंब्रिजला त्या काळी परीक्षेची तयारी करून घेणारे खासगी शिक्षक असत, आणि त्यांतील एडवर्ड राउथ ह्यांचे दोन डझनांहून अधिक शिष्य पहिले आले होते. ठरावीक साच्याची अवघड गणिते वेगाने सोडविण्याचा सराव हेच तेथील शिक्षण होऊन बसले. तेवढ्या काळात नवीन गणित घडत होते ते पुष्कळसे फ्रान्स आणि जर्मनीत. अखेर १९०९ नंतर क्रमवारीने नावे प्रसिद्ध करण्याची प्रथाच केंब्रिजने बंद केली, आणि त्या सुधारणेच्या पुरस्कर्त्यांत हार्डी होते. जगातील अत्यंत प्रतिष्ठित अशा एका परीक्षेने स्वतःचा दोष ओळखून पहिल्या-दुसऱ्याचा मान सोडला, ही गोष्ट गुणवत्तायादीची पूजा करणाऱ्यांनी ध्यानात ठेवावी.

असेच दुसरे उदाहरण गोमंतकातील आहे. साखवाळ येथे १८७६ साली, म्हणजे परांजपे जन्मले त्याच वर्षी, जन्मलेले धर्मानंद कोसंबी ह्यांच्यापाशी शाळेचे म्हणण्यासारखे शिक्षण नव्हते. बुद्धाविषयी वाचले आणि त्याचा धर्म मुळातून जाणून घ्यावा ह्या एका ओढीने १८९९ साली त्यांनी घर सोडले. पुण्यास आणि काशीस संस्कृत, पुढे सिंहलद्वीपात पाली, असा त्यांचा प्रवास झाला. कोणत्याही अभ्यासक्रमाने तो आखून दिलेला नव्हता. एका प्रश्नाने आखून दिलेला होता. पुढे ते कलकत्त्यास पाली शिकवू लागले. सयाजीराव गायकवाड महाराजांनी त्यांना महाराष्ट्रात राहून काम करावे म्हणून वेतन दिले. अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाने त्यांना ‘विशुद्धिमग्ग’ ह्या ग्रंथाच्या संपादनासाठी बोलाविले, आणि फर्ग्युसन महाविद्यालयात ते पालीचे प्राध्यापक झाले. त्या वेळी त्या महाविद्यालयाचे प्राचार्य रँग्लर परांजपे होते. एक सर्वोच्च परीक्षेत पहिला आलेला, दुसरा कोणतीच पदवी नसलेला. दोघेही एकाच वास्तूत विद्यादान करीत होते. त्या वास्तूत दोघांनाही जागा होती, ह्यातच त्या पिढीचा मोठेपणा आहे. आज पदवीवाचून आलेल्या धर्मानंदांचा अर्ज पहिल्याच छाननीत बाजूला पडेल.

आता प्रतिभेवर परीक्षेचा परिणाम नेमका कसा होतो ते पाहू जाता, वर्गातील अगदी साध्या गोष्टींकडे लक्ष द्यावे लागते. ‘पावसाळ्यातील एक दिवस’ हा निबंध मुलगा लिहितो तेव्हा बाहेर पाऊस कोसळत असला तरी तो खिडकीबाहेर पाहत नाही. मार्गदर्शकातील काळे ढग, बेडकांचे डराव डराव आणि छत्री उलटी झालेले आजोबा तो वहीत उतरवितो, कारण गुण त्यांनाच मिळतात हे त्याला कळलेले असते. भूमितीचा सिद्धान्त त्याला पाठ असतो, पण आकृतीतील अक्षरे बदलली की तो अडखळतो. प्रयोगशाळेत उत्तर किती आले पाहिजे हे आधीच ठाऊक असल्याने त्यावरून उलट गणित करून निरीक्षणे भरली जातात. ह्या शेवटच्या गोष्टीत केवळ प्रतिभेचे नुकसान नाही. जे दिसले ते लिहावे, हा विज्ञानाचा आणि सत्याचा पहिला पाठ आहे. तो शिकविण्याच्या जागीच तो पुसला जातो.

परीक्षेला उत्तर आधीच ठाऊक असते. त्याशिवाय तिला गुण देता येत नाहीत. प्रतिभेचे काम मात्र ज्याचे उत्तर कोणालाच ठाऊक नाही अशा प्रश्नापासून सुरू होते. तेथे चुकावे लागते, वेळ वाया घालवावा लागतो, मार्ग सोडून भटकावे लागते. तीन तासांच्या उत्तरपत्रिकेत ह्या तिन्ही गोष्टी अपराध ठरतात. बारा-पंधरा वर्षे ज्याला चुकण्याची भीतीच शिकविली, त्याच्याकडून एकविसाव्या वर्षी एकाएकी साहसाची अपेक्षा करणे न्यायाचे नाही.

आणि नेमकी हीच अपेक्षा जग त्याच्याकडून करते. आंतरराष्ट्रीय श्रमसंघटना आणि दिल्लीची मानव विकास संस्था ह्यांनी २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या भारतविषयक रोजगार अहवालानुसार, २०२२ साली पदवीधर तरुणांमधील बेकारीचे प्रमाण २९.१ टक्के होते, तर ज्यांना लिहिता-वाचता येत नाही अशा तरुणांमध्ये ते ३.४ टक्के होते. ह्याचा अर्थ निरक्षर सुखी आहे असा नव्हे. त्याला बेकार राहणे परवडत नाही, म्हणून तो मिळेल त्या मजुरीवर जातो. परंतु इतकी वर्षे शिकलेल्या मुलाच्या हाताला काम नाही, ही गोष्ट त्यामुळे लहान होत नाही.

पदवीने काम मिळत नाही म्हटल्यावर तरुण काय करतो? तो आणखी एक परीक्षा देतो, कारण तेवढेच त्याला शिकविलेले आहे. पुण्याच्या सदाशिव आणि नारायण पेठांतील अभ्यासिका, इंदूरचा भंवरकुआँ, हैदराबादचे अशोकनगर, ह्या ठिकाणी स्पर्धापरीक्षांची तयारी करणाऱ्या तरुणांच्या वसाहतीच उभ्या राहिल्या आहेत. २०१९ साली रेल्वेने सुमारे ३५ हजार जागांची जाहिरात दिली, तेव्हा सव्वा कोटीच्या घरात अर्ज आले. २०२४ साली उत्तर प्रदेशात शिपायांच्या ६० हजारांवर जागांसाठी ४८ लाखांहून अधिक उमेदवार होते. एक निवडला जातो आणि शेकडो परततात. परतणारा आळशी नसतो. त्याने पहाटे उठून वर्षानुवर्षे अभ्यास केलेला असतो. मात्र त्या अभ्यासाचा उपयोग ती एक परीक्षा सोडून दुसरीकडे होत नाही. पाच वर्षे सुतारकाम करून ज्याला मोठे काम मिळाले नाही, त्याच्या हातात निदान सुतारकी असते. पाच वर्षे सामान्यज्ञानाचे प्रश्नसंच सोडवून जो परतला, त्याच्या हातात वय तेवढे वाढलेले असते. घरी आई-वडिलांनी जमीन गहाण ठेवलेली असते आणि गावात तोंड दाखविण्याचे धैर्य त्याला होत नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ साली ह्या देशात १३ हजारांहून अधिक विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या. प्रत्येकीचे कारण परीक्षा होते असे म्हणता येणार नाही. परंतु ज्यांचे कारण परीक्षा होते, त्यांच्यापुढे दुसरे दार कोणी उघडे ठेवले होते काय, हा प्रश्न समाजाने स्वतःला विचारला पाहिजे.

येथे एक आक्षेप रास्त आहे. रोजगार परीक्षेने निर्माण होत नाही, तसा परीक्षा सुधारल्यानेही होत नाही. त्याला भांडवल, उद्योग, शेतीची स्थिती आणि राज्यकर्त्यांची धोरणे कारण असतात. हे सर्व खरे आहे. तथापि उद्योग तरी कोण काढतो? माणसेच काढतात. ती माणसे कोणत्या शिक्षणातून येतात, ह्याचे एक उत्तर वडोदऱ्यात मिळते. १८९० साली सयाजीराव महाराजांनी तेथे कलाभवन स्थापन केले आणि त्याची धुरा त्रिभुवनदास गज्जर ह्या रसायनशास्त्रज्ञाकडे सोपविली. रंगकाम, यंत्रकाम, सुतारकाम असे विषय तेथे देशी भाषांतून आणि हाताने काम करून शिकविले जात. त्याच संस्थेत काही काळ शिकलेल्या दादासाहेब फाळक्यांनी १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ हा चित्रपट लोकांपुढे आणला आणि ह्या देशात एका नव्या धंद्याचा पाया घातला. त्याच गज्जरांच्या सहभागाने, कोटिभास्कर आणि अमीन ह्यांच्याबरोबर, १९०७ साली वडोदऱ्यात अलेम्बिक हा रसायनांचा कारखाना निघाला. नोकरी मागणारे हात आणि नोकरी देणारे हात ह्यांतील अंतर शिक्षणाच्या रीतीने किती पडते, हे ह्यावरून कळते.

बेळगावचीही साक्ष काढता येईल. लक्ष्मणराव किर्लोस्कर चित्रकला शिकण्यासाठी मुंबईस गेले. परंतु रंग नीट ओळखता येत नाहीत असे आढळल्यावर यांत्रिक रेखाचित्राकडे वळले. रंगांच्या कसोटीवर तो तरुण अपात्र ठरला. पण त्याच्या यंत्रकौशल्याला वाव देणारे दुसरे दार उघडे होते. पुढे बेळगावात सायकलींचे दुकान, मग कडबा कापण्याचे यंत्र, लोखंडी नांगर आणि १९१० साली किर्लोस्करवाडी, असा त्यांचा मार्ग गेला. एका कसोटीवर अपात्र ठरणे म्हणजे आयुष्यात अपात्र ठरणे नव्हे, एवढे जरी आजच्या पालकांनी ह्या चरित्रातून घेतले तरी पुष्कळ झाले.

सुधारणेचे प्रयत्न झाले नाहीत असे नाही. १९३७ साली वर्ध्यास महात्मा गांधींनी हस्तोद्योगाच्या द्वारे शिक्षणाची कल्पना मांडली. १९४८-४९ च्या राधाकृष्णन आयोगाने विद्यापीठीय शिक्षणात एकच सुधारणा सुचवावयाची तर ती परीक्षांची असावी, अशा आशयाचा निर्वाळा दिला. १९६४-६६ च्या कोठारी आयोगाने कार्यानुभवाची शिफारस केली. पुढे कार्यानुभव हाच एक गुण देण्याचा विषय झाला आणि मुलांच्या वस्तू आईवडील घरी करून देऊ लागले. २००९ साली केंद्रीय मंडळाने सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आणले. त्याने वर्षाच्या एका मोठ्या परीक्षेऐवजी अनेक लहान परीक्षा झाल्या, अशी तक्रार होऊन २०१७ साली ते गुंडाळले गेले. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने घोकंपट्टीऐवजी आकलनावर भर देण्याचे आणि शाळेतच व्यवसायांची ओळख करून देण्याचे ठरविले आहे. ह्या धोरणाचे भवितव्यही एकाच गोष्टीवर अवलंबून आहे. समाजाची गुणांवरील श्रद्धा तशीच राहिली, तर प्रत्येक सुधारणा त्या श्रद्धेच्या मुशीत वितळून पुन्हा गुणपत्रिकाच होऊन बाहेर येईल.

म्हणून काही गोष्टी शासनाने करावयाच्या आहेत आणि काही घराघरांतून व्हावयाच्या आहेत. प्रश्नपत्रिकेत निदान काही प्रश्न असे असावेत की पुस्तक समोर ठेवूनही ज्यांचे उत्तर विचार केल्यावाचून देता येणार नाही. तोंडी परीक्षेला पुन्हा मान मिळावा, कारण शलाका-परीक्षेचे मर्म तिच्यात आहे. १९६१ सालापासून शिकाऊ उमेदवारीचा कायदा अस्तित्वात आहे. पदवीच्या अभ्यासाबरोबर कारखान्यात, शेतावर, रुग्णालयात वा छापखान्यात काही महिने काम करण्याची सोय त्याच्या धर्तीवर सर्वांसाठी व्हावी. स्पर्धापरीक्षा देणाऱ्याने अवश्य द्याव्या. मात्र किती वर्षे द्यावयाच्या हे घरच्यांशी बसून आधी ठरवावे आणि त्या काळात हाताला एखादे कसब असू द्यावे. आणि निकालाच्या दिवशी शेजारी-पाजाऱ्यांनी टक्के विचारण्याची रीत सोडून, मुलाला आता काय करावेसे वाटते हे विचारावे. ह्या शेवटच्या सुधारणेला आयोगाची आवश्यकता नाही.

मठाच्या दारी येणाऱ्याला महाद्वार, सभामंडप आणि गाभारा ह्यांचा क्रम ठाऊक असतो. महाद्वारापाशी पादत्राणे काढावयाची, क्षणभर थांबावयाचे आणि आत जावयाचे. तेथेच उभे राहून कोणी प्रसाद मागत नाही, आणि दार अरुंद आहे म्हणून कोणी माघारीही जात नाही. परीक्षेशी मुलांचे नाते इतकेच असावे. त्यांना दारापर्यंत नेण्याचे काम शाळा करील. दाराच्या आत काहीतरी आहे, हा विश्वास त्यांना देण्याचे काम वडीलधाऱ्यांचे आहे.